ग्रंथालयाला जागा : फुकटची की सोयीची?

गावात नवे ग्रंथालय काढायचे ठरले, की पहिली सभा मोठ्या उत्साहात होते. नाव काय ठेवायचे, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे, कपाटे लाकडी घ्यायची की लोखंडी, कादंबऱ्या किती आणि धार्मिक ग्रंथ किती, यावर रात्री अकरापर्यंत खल चालतो. शेवटी कोणीतरी विचारतो, ‘पण ग्रंथालय उघडायचे कोठे?’ ‘मिळेल तिथे!’ असे उत्तर येते, चहा येतो आणि सभा संपते.

त्या एका उत्तरात ग्रंथालयाचे पुढचे सारे भवितव्य ठरून जाते. पुस्तके बदलता येतात, ग्रंथपाल बदलतो, चिटणीस तर बदलतातच; पण इमारत एकदा उभी राहिली की उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आणि हा प्रश्न केवळ गावकऱ्यांचा आहे असेही नाही. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात स्थायिक झालेल्या कितीतरी कुटुंबांचा गावाकडे जमिनीचा एखादा तुकडा पडून असतो. वडिलांच्या नावाने काही करावे असे मनात येते, आणि तो तुकडा ग्रंथालयाला देऊन टाकण्याचा विचार दिवाळीच्या सुटीत बोलून दाखवला जातो. हेतू फार चांगला. परंतु अशी देणगी देण्यापूर्वी, आणि घेण्यापूर्वीही, चार गोष्टी पाहाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

एक गाव डोळ्यांसमोर ठेवू

उदाहरणासाठी सांगली जिल्ह्यातील, पलूस तालुक्यातील कुंडल घेऊ. डोंगराच्या कुशीतले हे जुने गाव. जैन बांधवांचे तीर्थक्षेत्र. स्वातंत्र्यापूर्वी ते औंध संस्थानात होते. ग. दि. माडगूळकरांचे काही शालेय शिक्षण येथे झाले. १९४३ पासून सातारच्या प्रतिसरकारचा जो लढा चालला, त्यात जी. डी. बापू लाड यांच्यामुळे कुंडलचे नाव महाराष्ट्रभर झाले. आज त्यांच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना येथे आहे, वन खात्याची प्रशिक्षण संस्था आहे. आणि कुस्तीचे मैदान तर असे गाजलेले, की वर्षातल्या त्या एका दिवशी लाखांनी माणसे लोटतात.

अशा या गावात एखाद्या मोठ्या ग्रंथालयाने आपली शाखा काढायचे ठरवले, अशी कल्पना करा. जागा सुचवणारे पुष्कळ निघतील. एक जण म्हणेल, ‘डोंगराच्या पायथ्याशी, झाडीत बांधा. किती शांत!’ दुसरा म्हणेल, ‘कारखान्याजवळ बांधा, तिथे रोज माणसांचा राबता.’ तिसरा मैदानाकडे बोट दाखवील, चौथा तालमीची माडी सुचवील. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. म्हणूनच निवड अवघड.

शांततेचा मोह

शांत जागेचा मोह सुशिक्षितांना फार पडतो. ग्रंथालय म्हणजे तपोवन, अशी आपली समजूत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली प्रसिद्ध पंचसूत्री मांडली. पुस्तके वापरासाठी आहेत, हे त्यातले पहिले सूत्र, आणि त्याचा विचार करताना त्यांनी ग्रंथालयाच्या जागेचाही प्रश्न घेतला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की माल खपावा असे ज्याला मनापासून वाटते तो दुकानदार गावाबाहेर दुकान थाटत नाही. जिथे माणसे येतात-जातात तिथेच तो बसतो. पुस्तके खपावीत, म्हणजे वाचली जावीत, असे ज्याला वाटते त्यालाही हाच न्याय. शांतता चार भिंतींच्या आत निर्माण करता येते. खिडक्यांची दिशा बदलता येते, रस्त्याच्या बाजूला वर्तमानपत्रांचा कक्ष आणि आतल्या बाजूला अभ्यासिका ठेवता येते. पण रानात बांधलेल्या इमारतीपर्यंत माणसे आणून सोडण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

दिल्लीत युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली जे सार्वजनिक ग्रंथालय उघडले, ते जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनासमोर, ऐन वर्दळीत. पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लंडनच्या पूर्व भागात गरीब वस्तीतली जुनी ग्रंथालये ओस पडू लागली, तेव्हा तिथल्या नगरपालिकेने लोकांनाच विचारले. उत्तर आले, बाजारहाट करता करता जाता येईल तर आम्ही येऊ. त्याप्रमाणे २००५ साली व्हाइटचॅपल येथे भर रस्त्यावरच्या भाजीबाजाराला लागून नवे ग्रंथालय उभे राहिले. एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात पुस्तक, हे चित्र आपल्याकडे विचित्र वाटण्याचे काही कारण नाही.

मैदान, कारखाना आणि तालीम

आता कुस्तीच्या मैदानाचे पाहा. एका दिवसाला लाखो माणसे येतात हे खरे. परंतु ग्रंथालयाला वर्षातून एक दिवस लाख माणसे नकोत, वर्षभर रोज शंभर हवीत. जत्रेच्या गर्दीवर दुकान चालते, ग्रंथालय चालत नाही.

कारखान्याजवळ राबता रोजचा आहे. परंतु पाळी संपली की कामगाराला घराची ओढ असते, आणि हंगामात उसाच्या गाड्यांतून वाट काढीत लहान मुलांनी तिथवर जावे असे कोणतीही आई म्हणणार नाही. कामगारासाठी तिथे एक कपाट जरूर ठेवावे. पण गावाची शाखा तिथे नको.

राहिली तालीम. कुंडलसारख्या कुस्तीवेड्या गावात तालमीला मोठा मान. पण तालमीच्या दारात किंवा चावडीच्या कट्ट्यावर जिथे पुरुषमंडळींची बैठक असते, त्या जिन्यावरून गावच्या सुना रोज पुस्तक बदलायला चढतील का? नाव सार्वजनिक, आणि येणारे मात्र निम्मे गाव, अशी त्या ग्रंथालयाची गत होते.

यावर कोणी शेजारच्या किर्लोस्करवाडीकडे बोट दाखवील. ‘अहो, ती तर निवडुंगाच्या माळावर उभी राहिली!’ खरे आहे. बेळगावची जागा नगरपालिकेने घ्यायचे ठरवले, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेल्या ओसाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणला. पण तो माळ होता कोठे? कुंडल रोड रेल्वे स्टेशनाला लागून! जमीन ओसाड असली तरी वाट वाहती होती. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके त्याच माळावरून निघून मराठी घराघरांत पोचली. शिवाय कारखान्याला पगार देऊन माणसे बोलावता येतात. तो आपल्याभोवती गाव वसवू शकतो. ग्रंथालय कोणाला पगार देत नाही, उलट वर्गणी मागते. म्हणून त्याला गाव वसवता येत नाही, वसलेल्या गावातच जाऊन बसावे लागते.

दहा वर्षांच्या मुलीची कसोटी

मग जागा पारखायची कशी? मला एक साधी कसोटी पुरेशी वाटते. गावातल्या बहुतेक घरांतून दहा वर्षांची मुलगी एकटी, पायी, मोठा रस्ता न ओलांडता त्या जागी जाऊ शकेल का? आणि दिवेलागणीच्या आत घरी परतू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर तिची आई येईल, आजोबा येतील, कॉलेजात जाणारा भाऊही येईल. उत्तर ‘नाही’ असेल, तर फक्त मोटारसायकल असलेले चार तरुण येतील, आणि तेही स्पर्धा परीक्षा जवळ आल्यावर.

अशी जागा शोधण्यासाठी नकाशा लागत नाही. सकाळी आणि संध्याकाळी गावात एक फेरी मारावी. दूधसंस्थेत दोन वेळा कोण येते, पिठाच्या गिरणीपाशी कोण थांबते, शाळा सुटल्यावर मुले कोणत्या बोळातून घरी जातात, एस. टी.च्या थांब्यावर ताटकळणारी माणसे किती, हे पाहावे. या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या शंभर पावलांच्या आत ग्रंथालय असावे. तिथे गुंठाभर जागा मिळाली तरी ती गावाबाहेरच्या एकरापेक्षा मोलाची.

पाणी आणि वजन

वाट जुळली तरी आणखी दोन गोष्टी पाहायच्या राहतात. पहिली पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला आलेला महापूर या भागातले लोक विसरलेले नाहीत. सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, आणि सुमारे दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या तिथल्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून लगदा झाली. कपडे वाळतात, भांडी घासता येतात. भिजलेले दुर्मीळ पुस्तक पुन्हा मिळत नाही. नदीकाठच्या गावांनी १९५३, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा जुन्या माणसांना विचारून मगच जोत्याची उंची ठरवावी. डोंगराच्या पायथ्याच्या गावांनाही हा धडा आहे. पावसाळ्यात वरून येणारा लोंढा कोणत्या बाजूने उतरतो, हे एखादा जोराचा पाऊस पडत असताना जाऊन पाहावे.

दुसरी गोष्ट वजन. ‘आमच्या वाड्याची माडी रिकामीच आहे’ असे प्रेमाने सांगणारे दाते भेटतात. राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरून बांधतात. पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला किमान ६०० किलो धरावे लागतात. म्हणजे तिप्पट. जुन्या माडीच्या तुळया हा भार किती दिवस सोसणार? शिवाय ज्यांना वाचायला खरोखर सवड आहे, त्यांचेच गुडघे जिना चढायला तयार नसतात. तेव्हा तळमजला, उंच जोते आणि खालचा कप्पा मोकळा सोडलेली कपाटे, हीच त्यातल्या त्यात शहाणी मांडणी.

बक्षीसपत्र करण्यापूर्वी

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. कोल्हापूर संस्थानात तर तो १९४५ सालीच झाला होता. परंतु आपल्याकडची बहुतेक ग्रंथालये सरकार चालवत नाही. गावातल्या संस्था चालवतात, आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान देते. या तुटपुंज्या पैशात पेठेतली जागा विकत घेणे कठीण. म्हणून फुकटच्या जागेपुढे संस्थेचे कार्यकारी मंडळ विरघळते.

इथेच सावध राहिले पाहिजे. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला एकदा जमीन मिळाली, की ती विकण्यासाठी किंवा बदलून घेण्यासाठी १९५० च्या न्यास कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. मिळकतीच्या रक्षणासाठी ते योग्यच आहे. पण ‘आज घेऊ, पुढे बदलू’ ही भाषा त्यामुळे पोकळ ठरते. तेव्हा जमीन गावाबाहेर असेल, तर दात्याने ती स्वतःच विकून पैसे द्यावेत, अथवा तिचे उत्पन्न दरसाल पेठेतल्या भाड्याच्या खोलीसाठी लावून द्यावे. वडिलांच्या नावाची पाटी त्या खोलीवरही लागेल, आणि ती रोज वाचली जाईल. गावाबाहेरच्या कुलूपबंद इमारतीवरची पाटी कोण वाचणार?

आधी पेटी, मग इमारत

शेवटी एक सूचना. जागेविषयी एकमत होत नसेल, तर वाद घालण्यापेक्षा प्रयोग करावा. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले. तेव्हा लहान खेड्यांत इमारती बांधीत बसण्यापूर्वी लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरली. अलीकडे २०१७ साली सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावात ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेही एका भव्य इमारतीत नाही. गावातल्या घरांतून, देवळांतून पंचवीस ठिकाणी पुस्तके मांडली गेली आणि वाचक त्या उंबऱ्यांवर येऊन बसले.

कुंडलसारख्या गावालाही हे सहज जमेल. दूधसंस्था, शाळा, पेठेतले एखादे दुकान, थांब्याजवळची खोली, अशा चार ठिकाणी शंभर-शंभर पुस्तकांची एकेक पेटी सहा महिने ठेवावी. प्रत्येक पेटीबरोबर एक नोंदवही असावी, आणि तिच्यात पुस्तकाच्या नावापुढे नेणाऱ्याचे वय आणि आळी एवढेच लिहावे. सहा महिन्यांनी चारही वह्या सभेत उघडाव्यात. कोणत्या वहीची पाने भरली, तिच्यात बायकांची आणि मुलांची नावे किती, हे मोजले की जागेचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो. मग वशिला चालत नाही, आणि कोणाचे मन मोडल्याचा दोषही कोणावर येत नाही.

यंदा सुटीत गावी गेलात आणि ग्रंथालयासाठी जागा देण्याची गोष्ट निघाली, तर सातबाऱ्याचा उतारा काढण्यापूर्वी पहिल्या चार पेट्यांचा खर्च उचला. फराळाच्या चार डब्यांइतके ते सोपे नाही. पण गावातल्या एखाद्या मुलीला तिच्या घराजवळ पुस्तक मिळण्यासाठी इतके करणे आपल्याला अवघड नाही.