‘फोन लागत नाही’ म्हणजे नेमकं काय?

‘फोन लागत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात निदान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. समोरची व्यक्ती दुसऱ्या कुणाशी बोलत असेल, तिचा फोन बंद असेल, नंबरच चुकीचा असेल, किंवा घंटा ऐकूनही तिने उचलायचं टाळलं असेल. आपल्याला एवढा मोघमपणा चालतो. यंत्राला चालत नाही. थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा की दुसरीकडे वळायचं, हे त्याला कारण कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

इंटरनेटवरून फोन जोडण्यासाठी १९९९ साली ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, म्हणजे सिप, हा नियमसंच प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये तो सुधारला गेला. ४जी फोनवरचे व्होल्टी कॉलही याच पद्धतीने जोडले जातात. सिप आवाज वाहून नेत नाही. दोघांची गाठ घालून देणं, एवढंच त्याचं काम.

आपण नंबर लावला की आपला फोन ‘इन्व्हाइट’ नावाचं आमंत्रण पाठवतो. ते वाटेत हरवू शकतं. म्हणून उत्तर आलं नाही तर अर्ध्या सेकंदाने ते पुन्हा जातं, मग १ सेकंद थांबून, मग २, मग ४, असं अंतर दुप्पट करत. नेहमीचं मोजमाप धरलं तर ३२ सेकंदांनी फोन नाद सोडतो. मधल्या सर्व्हरकडून १०० हा संकेतांक आला, म्हणजे ‘मिळालं, प्रयत्न करतोय’, की हा धोशा थांबतो. मग १८०: तिकडे घंटा वाजते आहे. (गंमत म्हणजे आपल्याला ऐकू येणारी साधी घंटा बरेचदा आपलाच फोन १८० मिळाल्यावर वाजवतो, कॉलर ट्यून मात्र जाळ्यातून येते.) शेवटी २००: उचलला.

खरी मेख पहिल्या अंकात आहे. १ म्हणजे वाट पाहा, २ म्हणजे जमलं, ३ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर विचारा. ४ म्हणजे ही विनंती इथे अशी चालणार नाही, ५ म्हणजे सर्व्हरकडचीच अडचण. ही कल्पना सिपच्या आधीची आहे. १९७४ साली जॉन पोस्टेल यांनी फाइली पाठवण्याच्या नियमांसाठी अशा तीन अंकी उत्तरांची सुधारित मांडणी केली होती. वेबपानांवर दिसणारा ४०४ याच घराण्यातला, आणि सिपमध्येही त्याचा अर्थ ‘असं कुणी इथे नाही’ असाच आहे.

वेबकडे नसलेला सहावा गट मात्र सिपमध्ये आहे, आणि तो का लागला हे पाहण्यासारखं आहे. समजा, शाळेचा एकच नंबर कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि त्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. कार्यालयातल्या फोनने ४८६ पाठवला, म्हणजे ‘इथे व्यग्र’, तर बाकीचे दोन वाजतच राहतात. त्याने ६०३, म्हणजे ‘नकार’, पाठवला तर? सर्व्हर उरलेल्या दोघांची घंटा बंद करतो, ते ४८७ म्हणून ‘विनंती रद्द झाली’ असं कळवतात, आणि मुख्याध्यापकांना फोन आल्याचं धड कळतही नाही. ६ने सुरू होणारं उत्तर एका यंत्राचं नसतं, त्या व्यक्तीच्या वतीने दिलेलं असतं. दुसरं कुणी उचलणार नाही याची खात्री असेल तरच ६०३ पाठवावा, असं नियम सांगतो. आमच्या मते साध्या फोनला ही खात्री क्वचितच असते. त्याने ४८६ किंवा ४८० (‘सध्या उपलब्ध नाही’) वर भागवावं.

२०१७ मध्ये नकोशा कॉलसाठी ६०७ हा नवा संकेतांक आला. जुन्या फोनला तो माहीत नसणार. तरी बिघडत नाही. अनोळखी संकेतांक आला तर तो त्या गटाचा पहिला संकेतांक मानायचा, असा नियम आहे. म्हणजे ६०७ला ६०० समजायचं.

वर्गात हे करून पाहता येईल. एक मूल सर्व्हर, तीन मुलं फोन; प्रत्येक फोनजवळ एकेक चिठ्ठी. दोघांकडे १८० आणि तिसऱ्याकडे यादीत नसलेला ४९९ द्या. सर्व्हरने आता काय करावं, हे मुलांनाच ठरवू द्या. मग ४९९च्या जागी ६९९ लिहा आणि पुन्हा विचारा.