ऊन फुकट आहे, दोरी मात्र जपून बांधा

जुलै महिना संपत आला की धुळ्याकडच्या आपल्या घरांत लळिंगला जायची तयारी सुरू होते. 1937 साली बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते. त्या वेळी ते लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या आठवणीसाठी दरवर्षी 31 जुलैला आपले लोक तिथे जमतात. पांढरी साडी, पांढरा सदरा आधीच धुऊन ठेवलेला असतो, आणि नेमका तो वाळत नाही! दोन दिवस झाले तरी काठ ओलाच, वर कुबट वास. मग कोणी चुलीवर धरतो, कोणी अंगावरच वाळेल म्हणून तसाच घालतो.

मे महिन्यात जळगावात पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा दोरीवर टाकलेले कापड दुसरे टाकेपर्यंत वाळते. पावसाळ्यात मात्र एका खोलीच्या, पत्र्याच्या घरात पाच-सहा माणसांचे ओले कपडे, त्यात बाळाची दुपटी आणि अंथरुणाच्या गोधड्या. हे साधे घरकाम वाटते, पण घरातली खाज, नायटा, बायकांचे अंगावरचे दुखणे आणि कधी कधी जिवावरचा अपघातही या दोरीशी जोडलेला असतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आपण दोरीबद्दल बोलू.

विनयातली दोरी

हा विषय क्षुल्लक आहे असे कोणाला वाटेल. विनयपिटकाच्या महावग्गात चीवराचा एक स्वतंत्र भागच आहे. भिक्खू रंगवलेली चीवरे जमिनीवर वाळत घालायचे, त्यांना धूळ लागायची. भगवंतांनी खाली गवत अंथरायला सांगितले, तर त्याला वाळवी लागली. मग बांबू आणि दोरी वापरायची अनुमती दिली. चीवर मधोमध टाकले की रंग दोन्हीकडून गळायचा, तेव्हा ते कोपऱ्याला बांधायला सांगितले. शेवटी, कापड उलटसुलट करत राहा आणि थेंब गळायचे थांबेपर्यंत सोडून जाऊ नका, इथपर्यंत ती सूचना येते. ज्यांनी दुःखाचे कारण शोधले, त्यांना कपडा कसा वाळवावा हे सांगणे कमीपणाचे वाटले नाही.

ऊन काय करते?

बुरशीला ओल लागते. नायटा, गजकर्ण हे बुरशीचेच आजार. जांघेत, काखेत, कमरेला गोल चट्टे उठतात आणि घाम आला की खाज वाढते. अर्धवट ओली चड्डी, परकर किंवा बनियन घातले की त्या बुरशीला हवी ती जागा मिळते. कडक उन्हात कापड पूर्ण सुकते, तापते, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनीही बरेच जंतू मरतात. म्हणून आतले कपडे उलटे करून वाळत घालावेत, म्हणजे शिवणीला ऊन लागते. ओल शिवणीतच राहते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवू. एक, ऊन हे औषध नव्हे. नायटा झाला तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून विचारून आणलेल्या अनेक मलमांत स्टिरॉइड असते. चार दिवस खाज थांबते आणि नंतर चट्टा दुप्पट पसरतो. दोन, घरात एकच टॉवेल सगळ्यांनी वापरू नये.

खरुजेचे थोडे वेगळे आहे. ती बारीक किड्यामुळे होते. हा किडा माणसाच्या अंगावरून सुटला की साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणून घरात कोणाला खरूज झाली तर डॉक्टरांनी दिलेले औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे, ज्याला खाज नाही त्यानेही. त्याच दिवशी अंगावरचे आणि अंथरुणाचे कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावेत. गोधडी धुणे शक्य नसेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. एकाने औषध लावायचे आणि बाकीच्यांनी नाही, असे झाले की खरूज घरात फिरत राहते.

डाग म्हणजे घाण नव्हे

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत काम करणाऱ्या आपल्या माणसांचे सदरे बघा. केळीचा चीक एकदा लागला की काळपट डाग कितीही घासला तरी जात नाही. पण धुऊन उन्हात वाळवलेला तो सदरा स्वच्छच असतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आपल्या आयाबायांशी बोलले, तेव्हा कपडे फाटके असले तरी चालतील पण स्वच्छ असावेत, असाच त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आपल्याला पिढ्यान् पिढ्या घाणेरडे म्हटले गेले. त्यांनी स्वच्छतेला स्वाभिमानाशी जोडले.

हीच गोष्ट पाळीच्या कपड्याची. डाग राहिला म्हणून तो कपडा घाण होत नाही. तो घाण होतो अंधारात वाळवल्यामुळे. आपल्याकडे किती घरांत हा कपडा पलंगाखाली, पत्र्याच्या फटीत, नाहीतर दुसऱ्या ओल्या साडीच्या आत लपवून वाळत घालतात! वारा नाही, ऊन नाही. दुसऱ्या दिवशी तोच दमट कपडा पुन्हा वापरायचा. त्यातून खाज, जळजळ आणि जंतुसंसर्गाचा त्रास मागे लागतो, आणि तो सांगायचीही लाज वाटते.

चुल्लवग्गात भिक्खुणींना पाळीच्या दिवसांसाठी वेगळे वस्त्र वापरण्याची अनुमती दिलेली आहे. ते धुऊन परत द्यावे, म्हणजे दुसरीच्या उपयोगी पडेल, असाही नियम आहे. पाळीच्या कपड्याबद्दल संघात उघडपणे नियम होऊ शकतो, तर आपल्या घरात त्याबद्दल बोलायला काय हरकत आहे?

करायचे इतकेच: सुती कपडा साबणाने धुवावा, घट्ट पिळावा आणि इतर कपड्यांबरोबर दोरीवर उन्हात टाकावा. पूर्ण वाळल्यावर घडी करून स्वच्छ पिशवीत ठेवावा. वस्तीत उघड्यावर टाकायचा संकोच वाटत असेल तर वर एक पातळ, कोरडी ओढणी टाका, पण जागा उन्हाचीच निवडा. भावांनी आणि वडिलांनीही दोरीवर तो कपडा दिसला तर नजर चुकवू नये आणि बोलूही नये. खाज किंवा दुर्गंधी असेल, अंगावरून पांढरे जात असेल तर आशाताईंना सांगावे किंवा सरकारी दवाखान्यात दाखवावे.

फवारणीचे कपडे वेगळे

कपाशीच्या हंगामात आपले बरेच लोक फवारणीला जातात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीचे कपडे घरात शिरण्याआधी उतरवावेत, वेगळ्या बादलीत धुवावेत आणि दोरीच्या एका टोकाला वेगळे वाळवावेत. बाळाच्या दुपट्याशेजारी तर मुळीच नको. धुणाऱ्या बाईने हाताला प्लास्टिकची पिशवी तरी बांधावी.

तार नको, दोरी हवी

आता सगळ्यात महत्त्वाचे. वस्तीत पुष्कळ घरांत कपड्यांसाठी लोखंडी तार बांधलेली असते, कारण ती कुजत नाही आणि झोळत नाही. पण तिचे एक टोक पत्र्याला किंवा खिडकीच्या गजाला असते आणि तिथूनच मीटरची वायर गेलेली असते. वाऱ्याने वायर घासते, वरचे आवरण जाते आणि वीज पत्र्यात उतरते. पत्र्यातून ती तारेत येते. ओले हात, ओला कपडा, ओल्या जमिनीवर अनवाणी पाय. बाई साडी टाकायला हात वर करते आणि तारेला चिकटते. तिला ओढायला धावलेला नवरा किंवा मुलगाही जातो. पावसाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो. तार मात्र तशीच राहते.

म्हणून आजच घरातली तार काढा. नायलॉनची किंवा सुतळीची दोरी लावा. दोरी विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला बांधू नका, आणि सर्व्हिस वायरच्या खालून नेऊ नका. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला दाखवा. खांबावरची वायर लोंबत असेल तर 1912 वर तक्रार करा.

कोणी चिकटलेच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. लगेच 108 ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाब देत राहा.

पाऊस थांबत नसेल तर

कपडे दोनदा पिळावेत. आधी आतले कपडे, बाळाचे कपडे आणि पाळीचे कपडे वाळवावेत, चादरी नंतर. दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे. घरात वाळवायचे असतील तर दार-खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत ओल कोंडते, भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. चुलीवर किंवा गॅसवर कपडे टांगू नयेत. इस्त्री असेल तर शिवणीवरून फिरवावी. आणि उघडीप मिळाली की अर्ध्या तासासाठी का होईना, गोधड्या बाहेर काढाव्यात.

वर्षावासात दर पौर्णिमेला आपण विहारात जमतो. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटे काढू आणि आपल्या गल्लीत किती घरांना अजून लोखंडी तार आहे, ते मोजू. चार तरुणांनी एका रविवारी ठरवले तर सगळ्या तारा उतरतील. दोरीचा खर्च फार नाही, आणि ऊन तर कोणाच्या मालकीचे नाही.

जय भीम.