बंदूक फ्रेंच कशावरून?

पेणकरपाड्यात एखाद्या माळ्यावर जुनी लष्करी बंदूक सापडली, तर पहिला अंदाज पोर्तुगीज नाहीतर इंग्रज असाच बांधला जाईल. वसई आणि घोडबंदर जवळच आहेत. पण फ्रेंच बंदूक ओळखणं फार अवघड नाही.

आधी नळी बघा. १७७७ च्या फ्रेंच नमुन्यात ती लाकडी दांड्याला तीन लोखंडी कड्यांनी बांधलेली असते. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ची नळी आडव्या खिळ्यांनी बसवलेली, शिवाय तोंड मोठं: १९ मिलिमीटर, फ्रेंचांचं साडेसतरा. आत बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, म्हणून ही रायफल नव्हे. चापाच्या पट्टीवर वळणदार अक्षरांत शार्लव्हिल किंवा सँत एतिएन या कारखान्यांचं नाव सापडू शकतं.

आटे असलेली १८७४ ची ‘ग्रा’ रायफल असेल, तर संगीन शोधा. पात्याच्या जाड पाठीवर कारखाना, महिना आणि साल कोरलेलं असतं, जन्मदाखलाच तो! मात्र संगीन मागाहून जोडलेली असू शकते.

महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा हवाला विक्रेते हमखास देतात. त्यावर जाऊ नये. ती फौज उभारणाऱ्या द बॉइन्यच्या पलटणींसाठी बंदुका आग्र्यातही बनत.

पॉलिश पेपर लावू नका, खुणा जातील. आणि आधी पोलीस ठाण्यात कळवा. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ ची सूट दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे.