न्हाणीघराची भिंत : टाइल्स लावण्यापूर्वी काय करावे?

घर बांधताना सर्वांत शेवटी हात लागतो तो न्हाणीघराला. तोवर गाठीचा पैसा संपत आलेला असतो आणि घरातली माणसेही बांधकामाला कंटाळलेली असतात. मग दुकानातून चकचकीत टाइल्स येतात, मिस्त्री दोन दिवसांत त्या लावून मोकळा होतो. वर्ष उलटत नाही तोच पलीकडच्या खोलीतल्या भिंतीचा रंग फुगतो, पोपडे पडतात. आपण टाइल्सला दोष देतो. खरा दोष टाइल्सच्या मागे न झालेल्या कामाचा असतो.

हे काम किरकोळ नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच्या रमाई आवास योजनेचे घर असो की २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेचे, ते साधारण २६९ चौरस फुटांचे. एवढ्या घरात न्हाणीच्या भिंतीला लागूनच अंथरुणे पडतात, मुले अभ्यासाला बसतात. भिंतीत ओल राहिली की बुरशी धरते. घरातली ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वासाच्या विकारांशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे प्रश्न शोभेचा नसून आरोग्याचा आहे.

टाइल पाणी अडवते का?

पुष्कळांचा समज असा की टाइल लावली म्हणजे पाणी अडले. टाइलची वरची चकाकी पाणी अडवते हे खरे. पण दोन टाइल्समधल्या सांध्यातून, कोपऱ्यातून आणि नळाच्या भोकाभोवतून पाणी मागे जातेच. एकदा मागे गेलेले पाणी लवकर वाळत नाही. म्हणून पाणी अडवणारा थर टाइलच्या मागे हवा. ही अक्कल आजची नव्हे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाची भिंत बांधताना विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांना ठाऊक होते की नुसती वीट पाणी धरून ठेवीत नाही.

आधी भिंत तपासा

जुन्या भिंतीवर काम असेल तर ती हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा खरवडून काढा. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या आपल्या जिल्ह्याला परिचित आहेत. चुन्याने भिंत उजळते, पण चुन्यावर टाइल टिकत नाही. चुना, डिस्टेंपर, तेलरंग सारे घासून काढा आणि भिंतीला टाचे मारून ती खरबरीत करा. विटा मातीत रचलेल्या असतील तर त्या भिंतीवर टाइलचा भार टाकू नका. आतून सिमेंटमध्ये चार इंची भिंत वेगळी उचलणे बरे.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे घरही थोडे हलते. भिंतीत तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून काही महिने लक्ष ठेवा. तडा वाढत असेल तर आधी पायाचा विचार करा. हलत्या भिंतीवर कोणताही लेप टिकणार नाही.

कामाचा क्रम

पहिली पायरी पाइपांची. भिंतीत पाइप बसले की ते बुजवण्यापूर्वी पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्या. टाइल बसल्यावर गळती सापडली तर सगळे फोडावे लागते.

मग गिलावा. एक घमेले सिमेंटला चार घमेली चाळलेली रेती, जाडी सुमारे अर्धा इंच. भिंत ओळंब्यात हवी आणि पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केलेला नको. बोअरचे खारे पाणी कालवणीला वापरू नका. त्यातले क्षार पुढे भिंतीवर पांढरे फुटून येतात.

त्यानंतर तराई, निदान सात दिवस. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण नवी नाही, आणि काटकसर केली जाते ती नेमकी तराईत. म्हणून शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना काढा. भिंतीवर ओले गोणपाट टांगले तर थोड्या पाण्यात काम भागते.

गिलावा वाळला की लेप. सिमेंटच्या पावडरीत पातळ रसायन कालवून लावायचे वॉटरप्रूफिंग दुकानात मिळते. प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणेच ठेवा. जमीन आणि भिंत जिथे मिळते त्या कोपऱ्यात, तसेच पाइपांभोवती, आधी जाळीची पट्टी लेपात दाबून बसवा. नंतर ब्रशने दोन हात द्या : पहिला उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. संपूर्ण जमिनीला आणि सर्व भिंतींना किमान एक फूट उंचीपर्यंत लेप हवाच; अंगावर पाणी घेतो त्या बाजूला तो सहा फुटांपर्यंत न्या. दुसरा हात ओला असतानाच त्यावर कोरडी, बारीक रेती भुरभुरली तर टाइलचा मसाला नीट धरतो. हातात रबरी मोजे घाला. सिमेंटने कातडी पोळते.

लेप पक्का वाळला की परीक्षा घ्या. जाळीचे भोक बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी साठवा, पातळीची खूण करा आणि चोवीस तास, जमल्यास अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवा. पलीकडच्या भिंतीला ओल आली नाही तरच टाइल लावा.

टाइल लावताना

भिंतीची सिरॅमिक टाइल सिमेंटच्या मसाल्यात लावायची असेल तर आधी ती बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात भिजवा. तयार चिकट मसाला वापरत असाल तर त्याच्या पोत्यावरील सूचना पाळा. मसाला टाइलच्या पूर्ण पाठीला हवा. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच गोळे टाकून टाइल दाबली की मागे पोकळी राहते आणि तीत पाणी साचते. टाइल बसल्यावर नाण्याने ठोकून पाहा. कोपऱ्यातले सांधे सिमेंटने न भरता लवचिक सिलिकॉनने भरा. जमिनीला जाळीकडे दर चार फुटांमागे अर्धा ते पाऊण इंच उतार ठेवा.

हिशेबही मांडून ठेवा. चार बाय सहा फुटांची न्हाणी, सात फूट उंचीपर्यंत टाइल्स : भिंती १४० चौरस फूट. अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले की सुमारे १२२. बारा बाय अठरा इंचाची एक टाइल दीड चौरस फूट भरते, म्हणजे ८२ टाइल्स. मोडतोड धरून ९० पुरे. पैसा कमी पडत असेल तर टाइल्सची उंची कमी करा, साधी टाइल घ्या, पण लेप वगळू नका. टाइल्स पुढेही लावता येतात. मागचा थर मात्र त्या काढल्याशिवाय देता येत नाही.

भगिनींनो, न्हाणीघर सर्वाधिक आपल्याच वापरात असते. तेव्हा मिस्त्रीला विचारायला संकोचू नका : पाइप तपासले का, तराई किती दिवस, लेपाचे हात किती, पाणी साठवून पाहिले का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. ज्याला घाई आहे त्याला मात्र थांबवावे लागते, आणि कष्टाच्या पैशाने घर बांधणाऱ्याला तो अधिकार आहे.