तळमजल्यावर उलटणारे मैलापाणी : कारणे आणि खबरदारी

पावसाळ्यात घरात शिरणारे पाणी नेहमी दारातूनच येते असे नाही. कित्येकदा उंबरठा कोरडा असतो आणि न्हाणीघराच्या जाळीतून, संडासाच्या भांड्यातून काळे, दुर्गंधीयुक्त पाणी वर येऊ लागते. तळमजल्यावर राहणाऱ्या अनेक कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. हे पाणी कोठून येते आणि त्याला कसे रोखावे, याविषयी आम्ही येथे थोडक्यात माहिती देत आहोत.

पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, ती आठवण पुणेकर अद्याप विसरलेले नाहीत. परंतु अलीकडील संकटे धरण न फुटताच आली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने पात्र सोडले, सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या आणि अनेकांचे प्राण गेले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून ३५,००० क्युसेकहून अधिक पाणी मुठा नदीत सोडले गेले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत इमारतींचे पार्किंग आणि तळमजले पाण्याखाली गेले. त्याच पहाटे डेक्कन परिसरात विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला.

मैलापाणी उताराने वाहते. त्यामुळे त्याच्या मोठ्या वाहिन्या बहुधा नदी-ओढ्यांच्या काठानेच टाकलेल्या असतात. पूर आला की त्या तुडुंब भरतात. त्यातच गच्चीवरील व अंगणातील पावसाचे पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले असेल, तर वाहिनीवरील भार कितीतरी पटींनी वाढतो. पाणी आपली पातळी शोधते. रस्त्यावरील चेंबर काठोकाठ भरले म्हणजे त्या पातळीपेक्षा खाली असलेल्या प्रत्येक तोंडातून ते बाहेर पडू पाहते. तळमजल्याची मोरी आणि तळघर ही त्यातील सर्वांत खालची तोंडे होत.

यावर मुख्य उपाय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, अर्थात पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. बाहेरून पाणी उलटू लागले की ती आपोआप मिटते. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. झडप मिटल्यावर बाहेरचे पाणी आत येत नाही, तसे आतलेही बाहेर जात नाही. अशा वेळी वरच्या मजल्यांवर स्नान, धुणीभांडी चालूच राहिली, तर ते सर्व पाणी तळमजल्याच्या घरात उतरते. म्हणून तळमजल्याची वाहिनी वेगळी काढून केवळ तिच्यावर झडप बसवावी आणि वरच्या मजल्यांची वाहिनी थेट बाहेरच्या चेंबरला जोडावी. हे शक्य नसेल, तर पाणी ओसरेपर्यंत वरच्या रहिवाशांनी नळ बंद ठेवावेत. झडपेत कचरा अडकला तर ती मिटत नाही. पावसाळ्यापूर्वी ती उघडून साफ करून घ्यावी.

तळघराच्या उताराच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंचवटा आणि त्यामागे जाळीची आडवी पन्हळ असावी. सर्वांत खोल कोपऱ्यात खड्डा करून त्यात पंप बसवावा व वीज गेल्यास तो चालेल अशी सोय ठेवावी. विजेचे मीटर व बोर्ड उंचावर घ्यावेत. पाण्याच्या भूमिगत टाकीचे झाकण जमिनीपासून उंच व घट्ट असावे.

पाणी चढू लागल्यास, ते पोहोचण्यापूर्वीच कोरड्या जागी उभे राहून मुख्य स्विच बंद करावा. मोटार काढण्यासाठी तळघरात उतरू नये. साचलेले पाणी जावे म्हणून ड्रेनेजचे झाकण उघडू नये. पाण्याखालचे उघडे चेंबर कोणाचाही जीव घेऊ शकते.

पूर ओसरल्यावर भूमिगत टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक करावी. तोवर तिचे पाणी पिऊ नये. घाण पाण्यातून चाललेल्या व्यक्तीला पुढील दिवसांत ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. तुंबलेले चेंबर साफ करण्यासाठी चार पैसे देऊन कोणा गरिबाला आत उतरवू नये. तेथील विषारी वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, मग उतरवणारी सोसायटी का असेना. हे काम यंत्रानेच करून घ्यावे.

सोसायटीच्या सभेत झडपेच्या खर्चाचा विषय निघाला, की वरच्या मजल्यावरील सभासद अनेकदा गप्प राहतात. परंतु तळमजल्यावर साचणाऱ्या पाण्यात आपल्याही मोरीचे पाणी असते. हा खर्च सर्वांनी मिळून उचलावा, आणि तो पहिल्या पावसापूर्वी उचलावा, अशी आमची विनंती आहे.