मापात पाप आणि आमोसचा निवाडा

तकोव्याचा मेंढपाळ

हिब्रू बायबलात ज्या संदेष्ट्यांच्या नावाचे ग्रंथ आहेत, त्यांत बहुतेक अभ्यासक आमोसला सर्वांत आधीचा मानतात. त्याचा काळ साधारण इ.स.पू. ७६० ते ७५०. त्याचे गाव तकोवा, बेथलेहेमच्या दक्षिणेला यहूदाच्या डोंगरात. तिथून पूर्वेला उतरले की ओसाड रानच लागते. तो मेंढ्या राखायचा आणि उंबरांची निगा करायचा. मराठी बायबलातला ‘उंबर’ हा शब्द इथे चपखल बसतो, कारण तिकडचे झाड आपल्या उंबराचे सख्खे भावंड आहे. फळे तशीच खोडाला लगडतात, फक्त ती नीट पिकावीत म्हणून कच्च्या फळाला सुरीने चीर द्यावी लागते. हे गरिबांचे फळ. संदेष्टेपणाचा वारसा किंवा शिक्षण आपल्याकडे नाही, हे आमोस स्वतःच सांगतो.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यायला हवी. शलमोन राजानंतर राज्य दुभंगले होते. आमोस दक्षिणेकडच्या यहूदा राज्याचा, पण बोलायला गेला तो उत्तरेकडच्या इस्राएलात. म्हणजे तिथे तो परकाच होता.

भरभराटीचे राज्य

इस्राएलच्या गादीवर तेव्हा दुसरा यराबाम होता. दमास्कस या शेजारी राज्याचे बळ अश्शूर साम्राज्याने मोडले होते आणि त्यानंतर काही दशके अश्शूरही ढिला पडला होता. त्या मोकळिकीत यराबामाने सीमा वाढवल्या, व्यापार वाढला. राजधानी शोमरोनच्या उत्खननात १९१० मध्ये शाईने लिहिलेली खापरे सापडली. त्यांवर राजधानीत आलेल्या द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या नोंदी आहेत. पुढे १९३०च्या दशकात तिथेच हस्तिदंती नक्षीचे शेकडो तुकडे मिळाले. त्यांतले बरेचसे पलंग आणि आसनांवर जडवलेले असावेत. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांवर आमोस तुटून पडतो, तेव्हा तो कवीची अतिशयोक्ती करत नव्हता, हे त्या तुकड्यांवरून कळते.

दुसरी बाजू तिरसा या जुन्या राजधानीच्या जागी दिसली. इ.स.पू. दहाव्या शतकातली तिथली घरे साधारण एकसारखी होती. आठव्या शतकात मात्र एकीकडे मोठे वाडे आणि दुसरीकडे दाटीवाटीची खोपटी, असे चित्र उत्खनन करणाऱ्या रोलां द व्हो यांनी नोंदवले आहे. मला आमोस समजला तो याच चित्रामुळे.

आठवे नाव

त्याच्या ग्रंथाची सुरुवातच विलक्षण आहे. देवाच्या कोर्टात एकेका राष्ट्राचे नाव पुकारले जाते. दमास्कसने इस्राएलच्या गिलाद प्रांतातल्या लोकांना लोखंडी मळणीच्या अवजारांखाली चिरडले. गाझाने गावेच्या गावे गुलाम म्हणून विकली. सोर बंधुत्वाचा करार विसरला, अदोमाने भावावरच तलवार उपसली. अम्मोनाने सीमा वाढवण्यासाठी गर्भवती स्त्रियांची पोटे फाडली. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला.

यातला मवाबाचा आरोप नीट पाहा. त्या गुन्ह्यात इस्राएलचे काडीचेही नुकसान झाले नव्हते. तरीही तो आरोपपत्रात आहे. माणसाशी माणसासारखे वागणे हा नियम सगळ्या राष्ट्रांना लागू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंत उत्तरेतला श्रोता मान डोलावत असणार. सातवे नाव यहूदाचे, म्हणजे खुद्द वक्त्याच्या राज्याचे येते, तेव्हा तर तो खूशच झाला असेल. मग आठवे नाव येते, इस्राएलचे, आणि सर्वांत लांब आरोपपत्र त्याचेच निघते.

नेमके आरोप काय

शेजाऱ्यांवरचे बहुतेक आरोप युद्धातले होते, इस्राएलवरचे मात्र रोजच्या व्यवहारातले आहेत. किरकोळ कर्जापायी, अगदी जोडाभर वहाणांसाठी, गरीब माणूस विकला जातो. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. इथे तीच वस्त्रे अंथरून लोक वेदीशेजारी पहुडतात. न्याय गावाच्या वेशीत बसून व्हायचा, आणि तिथे लाच देऊन दुबळ्याला हाकलले जाते.

बाजाराचे वर्णन तर आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला लगेच ओळखू येईल. सण आणि शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, कधी एकदा संपतो आणि दुकान उघडतो, अशी व्यापाऱ्याला घाई. धान्य मोजायचे एफाचे माप लहान केलेले, चांदी तोलायचे शेकेलचे वजन जड केलेले, तराजूत खोट, आणि गव्हाच्या नावाखाली खाली सांडलेला कचराही विकायचा. देताना कमी, घेताना जास्त. यालाच आपण मापात पाप म्हणतो.

हे सगळे करणारे लोक देवळात नियमित जाणारे होते. यज्ञ, दशमांश, गाणी यांत काही कमी नव्हते. आमोसचा देव सांगतो की त्या सणांचा मला तिटकारा आहे आणि त्या गाण्यांचा गोंगाट नको; वाहू दे तो न्याय, तोही बारमाही. पावसानंतर चार दिवसांत आटणाऱ्या ओढ्यांच्या त्या प्रदेशात बारमाही पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नसे. अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध बोलताना मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३च्या वॉशिंग्टनच्या भाषणात हीच प्रतिमा वापरली.

निवडलेपणाची किंमत

देवाने आपल्याला निवडले आहे, म्हणून आपले काही वाकडे होणार नाही, अशी इस्राएलची समजूत होती. आमोस ती उलटी करतो: निवडले म्हणूनच हिशेब अधिक कडक. परमेश्वराच्या दिवसाची, म्हणजे देव शत्रूंचा समाचार घेईल त्या दिवसाची, लोक आतुरतेने वाट पाहत होते. आमोस सांगतो की तो दिवस अंधाराचा असेल. सिंहाच्या तावडीतून सुटलेल्याला अस्वल गाठावे, त्यातूनही घरी पोहोचून भिंतीला हात टेकावा आणि तिथे साप डसावा, तसा. शेवटी तर तो असेही म्हणतो की इस्राएल जसा मिसरातून (इजिप्तमधून) आणला, तसे पलिष्टी आणि अरामी लोकही देवानेच त्यांच्या जागी आणले. या धाडसाला माझ्या मते प्राचीन धर्मग्रंथांत क्वचितच जोड सापडते.

बेथेलचा सामना

बेथेल हे राजाच्या आश्रयाचे देवस्थान. तिथला याजक अमस्या याने राजाला निरोप धाडला की हा माणूस कट करतो आहे. मग आमोसला बजावले: यहूदात परत जा, तिथे भाकरी मिळव, हे राजाचे ठिकाण आहे. आमोसचे उत्तर साधे होते. मी धंदेवाईक संदेष्टा नाही, कळपामागून मला उचलून पाठवले आहे. पुढे त्याचे काय झाले, ते ग्रंथ सांगत नाही.

टोळ, अग्नी, ओळंबा, पिकल्या फळांची टोपली असे दृष्टान्त ग्रंथाच्या उत्तरार्धात आहेत. पहिल्या दोन वेळी आमोस देवाला थांबण्याची विनवणी करतो आणि देव थांबतो. हे विसरू नये: निवाडा सुनावणारा हा माणूस त्या लोकांसाठी गयावया करत होता. ग्रंथ संपतो तोही पडलेली झोपडी पुन्हा उभारण्याच्या वचनावर.

पुढे काय घडले

लोक दमास्कसच्या पलीकडे बंदिवासात जातील, असे आमोस म्हणाला होता. हिब्रू पाठात तो अश्शूरचे नाव घेत नाही. इ.स.पू. ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर गादीवर आला आणि अश्शूर पुन्हा उठला. इ.स.पू. ७२२च्या सुमारास शोमरोन पडले. तिथून २७,२९० माणसे कैद करून नेल्याचा दावा अश्शूरी राजा दुसरा सार्गोन याने आपल्या शिलालेखात कोरून ठेवला आहे.