टॅब आला, शिक्षक कधी शिकणार?

वाघोलीत दर रविवारी आम्ही काही कार्यकर्ते मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. येणारी बहुतेक मुलं बांधकाम मजुरांची आणि दगडखाणीवर राबणाऱ्यांची. गेल्या वर्षी एका दात्याने वर्गाला टॅब दिला. शिकवणारे आम्ही सगळे पदवीधर, तरीही पहिले दोन रविवार टॅबवर व्हिडिओ लावून मुलांना शांत बसवण्यापलीकडे आम्ही काही केलं नाही. तिसऱ्या रविवारी पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, आज तुम्ही शिकवणार नाही का?"

प्रश्न झोंबला. वस्तू आली होती, पण ती वापरून शिकवायचं कसं हे आम्ही शिकलोच नव्हतो.

आपल्या राज्यात हे ज्याने करून दाखवलं तो माणूस सोलापूर जिल्ह्यातला. रणजितसिंह डिसले यांनी इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि ते शिक्षक झाले. २००९ साली माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते रुजू झाले. पुस्तकातल्या धड्याला त्यांनी क्यूआर कोड जोडला. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत डॉलर गाजले. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. क्यूआर कोड काही शाळेसाठी जन्माला आलेला नाही, तो मुळात जपानमधल्या कारखान्यांतले सुटे भाग ओळखण्यासाठी १९९४ साली तयार झाला. दुसऱ्याच कामाच्या वस्तूत आपल्या वर्गाचा उपयोग दिसणं, ही शिक्षकाची वाढ.

याला अभ्यासकांनी एक चौकट दिली आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ साली ती मांडली. शिक्षकाला तीन गोष्टी कळाव्या लागतात: विषय, शिकवण्याची पद्धत आणि तंत्रज्ञान. पण तिन्ही वेगवेगळ्या येऊन भागत नाही, त्या एकमेकांत मिसळाव्या लागतात. अपूर्णांक येतो आणि टॅबही चालवता येतो, एवढ्याने अपूर्णांक टॅबवर शिकवता येत नाही. 'अर्धी भाकरी' आधी हातात द्यायची की पडद्यावर दाखवायची, हे ठरवता येणं हे तिसरंच ज्ञान आहे.

आपल्याकडे प्रशिक्षण मात्र बरेचदा यंत्रापाशीच थांबतं. सरकारी नोकरीसाठी एमएस-सीआयटी आवश्यक झाली, तेव्हा कित्येक शिक्षकांनी ती प्रमाणपत्रासाठी केली. त्यात टायपिंग, तक्ते, ईमेल होतं, चौथीचा वर्ग नव्हता. २०१७ साली 'दीक्षा' हे व्यासपीठ आलं, २०१९ मध्ये 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झालं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतः शिकावं असं म्हटलं. तास चांगलेच आहेत. पण व्हिडिओ चालू ठेवून स्वयंपाक करणाऱ्या, शेवटची चाचणी मैत्रिणीला विचारून सोडवणाऱ्या शिक्षिका मला भेटल्या आहेत. त्यांना दोष देऊन काय होणार? जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून त्या हे करतात.

आम्ही काय केलं ते सांगते. शनिवारी संध्याकाळी तासभर आम्ही शिकवणारेच विद्यार्थी होऊन बसायला लागलो. एकाने धडा घ्यायचा, बाकीच्यांनी टॅब कुठे अडखळला ते सांगायचं. 'दीक्षा'वरचा मजकूर आधी डाउनलोड करून ठेवता येतो, म्हणजे वर्गात नेट लागत नाही, हे आम्हाला तिथेच कळलं. 'स्टोरीवीव्हर'वरची मराठी पुस्तकं मोफत आहेत, तीही उतरवून घेतली. आता व्हिडिओ दोन-तीन मिनिटांनी थांबवतो आणि विचारतो, पुढे काय होईल? मुलं भांडून उत्तरं देतात.

एक अडचण सुटलेली नाही. घरी एकच स्मार्टफोन, तो वडिलांबरोबर कामावर जातो. पुस्तकात कोड आहे, स्कॅन करायला फोन नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्दियू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, त्यात आता चार्ज केलेला फोन आणि तो समजावणारं मोठं माणूसही धरावं लागेल. ज्या घरात हे दोन्ही आहे, तिथलं मूल त्याच क्यूआर कोडमुळे आणखी पुढे जातं. म्हणून गृहपाठात कोड द्यायचा नाही, तो वर्गातच उघडायचा, असं आम्ही ठरवलं आहे.

यंदा १४ एप्रिलला जयंतीच्या वर्गणीतून वर्गासाठी प्रोजेक्टर घ्यावा, असा काही तरुणांचा आग्रह होता. आम्ही आधी सुट्टीतले चार शनिवार मागितले. सहा जणांनी नाव दिलं, त्यात दोन अंगणवाडी सेविका आहेत.